बुडाखालचं नाव

विकीचा अल्बम आला त्याच आठवड्यात शुभाताईंनी पवईला राहायला जायचा बेत रद्द केला. यज्ञेशला फोनवर त्यांनी सांगितलं की चौदाव्या मजल्यावर आपल्याला झोप लागणार नाही. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

यजमान नंदकिशोर गेल्यापासून मुलगा यज्ञेश आणि सून नेत्रा दोघंही मागे लागले होते. मुलुंडच्या मिठागर रोडवरची जागा भाड्याने द्यायची आणि शुभाताईंनी कायमचं पवईला यायचं. त्यांनी बरेच दिवस हो-ना केलं. मग दिवाळीत एकदा नेत्रा काही न बोलता त्यांच्या खोलीसाठी पडद्याच्या कापडाचे नमुने घेऊन आली, तेव्हा त्या हो म्हणाल्या. संक्रांत झाली की निघायचं ठरलं. शेजारच्या रेवतीला सांगून झालं, तुळशीची कुंडी कुणाला द्यायची तेही ठरलं.

विकी म्हणजे नेत्राचा धाकटा भाऊ. चारकोपला आईजवळ राहायचा, दिवसा कुठल्याशा कंपनीत हिशेब लिहायचा आणि संध्याकाळी स्टेजवर उभा राहून लोकांना हसवायचा. त्याने गाजलेल्या नव्या गाण्यांच्या चालींवर विडंबनं लिहिली, मित्रांना घेऊन ती गायली आणि अल्बम करून नेटवर टाकला. नाव ठेवलं ‘चाल तीच, हाल आमचे’. पार्किंगवरून भांडणाऱ्या दोघांचं एक गाणं होतं, जिमचे पैसे भरून घरीच झोपणाऱ्याचं एक, लग्नाच्या बायोडेटात उंची वाढवून लिहिणाऱ्याचं एक. मुलुंडपर्यंत ते पोचायला वेळ लागला नाही.

विडंबन म्हणजे काय हे शुभाताईंना नव्याने कुणी सांगायला नको होतं. बिल्डिंग नवी होती, मागे मिठागरं पांढरी चमकत असायची, त्या काळात गणपतीत दर वर्षी खाली मांडव पडायचा आणि शेवटच्या दिवशी करमणुकीचे कार्यक्रम व्हायचे. त्यात शेजाऱ्यांवर रचलेली गाणी असायचीच. चाल रेडिओवरची, शब्द बिल्डिंगचे. नंदकिशोर पेटी वाजवायचे. पण एक रीत होती. ज्याच्यावर गाणं असेल त्याला आधी जाऊन सांगायचं, आणि कार्यक्रमात त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची द्यायची. तो माणूस हसला की मग सगळ्यांनी हसायचं. पाण्याची मोटर चोरून लावणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या बळवंतरावांवर केलेलं गाणं तर त्यांनी स्वतःच दोनदा गाऊन घेतलं होतं. न सांगता, पाठीमागून कुणी कुणाची टिंगल केली असं शुभाताईंना आठवत नव्हतं. आणि त्यांना बहुतेक सगळं आठवायचं.

त्या दिवशी संध्याकाळी खालच्या बाकावर नेहमीच्या बायका बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरची गंधाली ऑफिसातून आली आणि म्हणाली, काकू, तुमच्या सुनेच्या भावाने कमाल केलीय, ऐका. तिने फोन मधे धरला. गाणं सुरू झालं. चाल त्या वर्षी रिक्षा-रिक्षात वाजणाऱ्या एका रडक्या प्रेमगीताची होती, आणि विकी अगदी विरहाने व्याकूळ झाल्यासारखा गात होता:

‘वाण चाललं, वाण चाललं, घरोघरी फिरलं,
बुडाखाली नाव ज्याचं, त्याच्याच दारी शिरलं.’

बायका खो खो हसल्या. शुभाताई हसल्या नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी शेजारी बसलेल्या रेवतीकडे पाहिलं. रेवतीही हसत नव्हती. पहिलं कडवं संपलं न संपलं तोच ती उठली, गॅसवर दूध ठेवलंय म्हणाली आणि कुणाकडे न बघता जिना चढून गेली. रेवतीचं दूध सकाळी तापतं हे शुभाताईंना इतक्या वर्षांत चांगलं माहीत होतं. ‘झालं,’ त्यांनी मनात म्हटलं, ‘कळलं हिला.’ आणि डोकं दुखतंय सांगून त्याही वर आल्या.

दार लावून त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना तो दिवस जसाच्या तसा दिसायला लागला.

नेत्राची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, घरभर बायका. वाण म्हणून द्यायला शुभाताईंनी माळ्यावरचं खोकं काढलं होतं. त्यात वर्षानुवर्षं इकडून तिकडून आलेली स्टीलची भांडी होती. कुणाच्या बारशातली, कुणाच्या वास्तुशांतीतली. कोणत्या घरात असं खोकं नसतं? आलेलं ठेवायचं, वेळेला पुढे द्यायचं. फक्त एक काळजी घ्यायची. आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घालायची पद्धत. दुकानदार मशिनने टिपक्या टिपक्यांनी नाव आणि निमित्त कोरून देतो. तेव्हा देण्याआधी भांडं उलटं करून बघायचं. त्या गडबडीत शुभाताईंनी बघितलं नाही. रेवतीच्या हातात द्यायला म्हणून त्यांनी एक पेढेघाटी डबा नेत्राकडे दिला. नेत्राने तो सहज उलटा केला, आणि खाली नाव होतं रेवतीचंच. तिच्या मुलीच्या मंगळागौरीतला डबा. रेवती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. नेत्राने चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. डबा पदराआड घेतला, ‘काकूंना हा नको, याचं झाकण सैल आहे,’ म्हणाली आणि दुसरा काढून दिला. नंतरही त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. सासूकडे बघून एकदाच बारीक हसली.

शुभाताईंनी त्या दिवशी नेत्राला आपली मानली. मंगळसूत्र घातल्याने सून होते, पण आपली इभ्रत पदराआड घेणारी मुलगी मिळणं निराळं, असं त्यांना वाटलं होतं. पवईला जायला त्या कबूल झाल्या त्याच्या मुळाशी तो डबा होता. तो प्रसंग जगात दोघींनाच ठाऊक होता. आणि आता तो रिक्षात वाजणार होता. शेवटी डबा रेवतीच्या दारी काही गेला नव्हता, पण ते विकीने गंमत वाढवायला घातलं असणार. गाण्यात एवढं चालतंच.

मग संशयाला पाय फुटले. दिवाळीनंतर त्या चार दिवस पवईला राहिल्या होत्या, तेव्हाच्या एकेक गोष्टी त्या आता उलट्या करून बघू लागल्या. नेत्राचा फोन आला की ती उठून बाल्कनीत जायची आणि काच ओढून घ्यायची. एकदा शुभाताई पाणी प्यायला उठल्या तेव्हा यज्ञेश आणि नेत्रा काहीतरी कुजबुजत होते आणि त्यांना बघून गप्प झाले. यज्ञेश म्हणाला, काही नाही गं आई. विकीच्या अल्बमचं कसं काय चाललंय असं त्यांनी विचारलं तर नेत्राने धड उत्तर दिलं नव्हतं. ‘चाललंय त्याचं काहीतरी,’ म्हणून तिने भाजीचा विषय काढला होता. तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. आता लख्ख दिसलं. घरातली सगळी एका बाजूला, आणि मधे आपण. जेवणाच्या टेबलाशी नेत्रा डबा उलटा करायची नक्कल करतेय, विकी मांडीवर थाप मारून हसतोय आणि आपला यज्ञेशही हसतोय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि हलेना. उद्या त्या घरात राहायला गेलं की आपल्या प्रत्येक सवयीचं गाणं होणार. रात्री दोनदा गॅस बंद आहे का बघतो त्याचं. पिशव्या घडी करून ठेवतो त्याचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी यज्ञेशला फोन केला.

तो आधी समजावत राहिला, मग चिडला. नेत्राने फोन घेतला. तिने समजावलं नाही. नुसतं विचारलं, ‘आई, झोपेचंच कारण आहे ना?’ शुभाताई हो म्हणाल्या. मग ‘बरं,’ म्हणून तिने फोन ठेवला. त्या ‘बरं’चाही त्यांनी दिवसभर कीस पाडला. सुटका झाल्यासारखं म्हणाली का? की पकडली गेल्यासारखं?

इकडे रेवती त्यांना टाळत होती. एरवी सकाळी दार उघडं टाकून दोघींचा चहा व्हायचा. आता रेवतीचं दार बंद. जिन्यात भेटली तर घाईत असायची. शुभाताईंच्या मनाने घेतलं की आपण हिची भांडी हिलाच देणारी बाई ठरलो. नंदकिशोर गेल्यावर ज्या थोड्या बायकांनी त्यांना हळदीकुंकवाच्या दिवशीही हाताला धरून घरात नेलं त्यात रेवती पहिली. तिच्या मनातून उतरणं त्यांना सोसवेना. पवई गेली, शेजार गेला. एका गाण्याने सगळंच काढून घेतलं.

संक्रांतीच्या आदल्या दुपारी बेल वाजली. दारात रेवती. आत येऊन ती बसली नाही. तिचा चेहरा बघून शुभाताईंनी मनात शब्द जुळवायला घेतले. पण आधी तीच बोलली.

‘शुभा, तुला मला काही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचंस. व्याह्यांच्या पोराकडून गाणं करून घ्यायची काय गरज होती गं?’

शुभाताईंना काही उमजेना. रेवतीने जे सांगितलं त्याचा मतलब असा, की बऱ्याच वर्षांपूर्वी तिने शुभाताईंना वाणात एक डबा दिला होता. दिल्यावर आठवडाभराने तिच्या ध्यानात आलं की तो यज्ञेशच्या मुंजीतला. म्हणजे शुभाताईंचाच. तेव्हापासून ती वाट बघत होती की शुभा आज बोलेल, उद्या बोलेल. शुभा बोलली नाही तेव्हा तिला वाटलं, केवढं मोठं मन. आणि आता कळलं की मन मोठं नव्हतं, आठवण लांब होती.

‘तुझ्या डोक्यात सगळं राहतं हे काय मला माहीत नाही? एवढी वर्षं राखून ठेवलंस आणि बरोबर जायच्या वेळी काढलंस.’

‘मी बघितलाच नाही गं तो,’ शुभाताई म्हणाल्या. ‘मुंजीतले माझेच इतके उरले होते. त्यांच्यात गेला असेल.’

रेवतीचा विश्वास बसेना. शुभाताईंना मधेच हसू यायला लागलं आणि ते रेवतीला आणखी लागलं. शेवटी त्यांनी तिला बळेच खुर्चीत बसवलं आणि आपल्या खोक्याची गोष्ट सांगितली, नेत्राने पदराआड केलेल्या डब्यासकट. ऐकताना रेवतीचं तोंड उघडंच राहिलं. गाणं माझ्यावर नाही तर तुझ्यावरच आहे म्हणजे, ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात थोडा हेवाही होता. मग दोघींच्याही एकदमच लक्षात आलं की दोघींनी गाणं पुरतं ऐकलंच नव्हतं. पहिल्या कडव्याला एक दुधासाठी उठली होती आणि दुसरी डोकेदुखीसाठी. रेवतीने फोनवर ते शोधून काढलं. दुसरं कडवं आलं:

‘जाऊबाईंनी पाहिलं नाव, हसल्या गालात थोडं,
दिवाळीला त्याच भांड्यात पाठवलं गोडधोड.’

रेवतीने फोन खाली ठेवला. ‘माझ्या जावा नागपूरला. आमचं येणंजाणं कुठंय?’

शुभाताईंना जाऊच नव्हती. नंदकिशोर एकुलते एक. पुढच्या कडव्यात तर एकाच घराचा वरचा मजला, खालचा मजला होता, आणि जिन्यातून जाणारी फराळाची ताटं होती. पुढचं गाणं शुभाताईंनी ऐकलं नाही. त्या चारकोपच्या घरात जाऊन आल्या होत्या. नेत्राच्या लग्नात वरच्या मजल्यावर नवरदेवाकडच्यांची बसायची सोय होती आणि खाली स्वयंपाक. विहीणबाई खालच्या, त्यांच्या जाऊबाई वरच्या. पंगतीत दोघी एकमेकींना इतक्या अदबीने वाढत होत्या की शुभाताईंनी तेव्हाच नंदकिशोरांना म्हटलं होतं, या दोघींचं काहीतरी आहे बघा.

तर हे होतं. पोराने आईलाच गाण्यात घातलं होतं, आणि तालमी घरातच होत असणार, म्हणजे आईने ते अल्बमच्या कितीतरी आधी ऐकलं असणार. आई चिडणार, रडणार, पोराशी अबोला धरणार, आणि सांगणार कुणाला, तर लेकीला. मग लेक बाल्कनीत काच ओढूनच बोलणार. आईची फजिती सासूच्या कानी कशी जाऊ देईल? त्या चार दिवसांतली एकेक गोष्ट शुभाताईंनी पुन्हा उलटी केली. या वेळी प्रत्येकीच्या खाली दुसरंच नाव निघालं.

रेवती विचारत होती की मग हे आहे तरी कुणावर. शुभाताई म्हणाल्या, ‘असेल कुणावर तरी. विकीला काय, घरं कमी आहेत?’ रेवतीला सांगितलं असतं तर तिने मनापासून ऐकलं असतं, आणि आठवड्यात बाकावरही ऐकवलं असतं.

संक्रांत झाल्यावरच्या रविवारी त्या कळवून पवईला गेल्या. यज्ञेशने दार उघडलं, तिळगूळ घेतला, वाकून नमस्कार केला. नेत्राही आली. तिचं वागणं नीट होतं, अगदी पाहुण्यांशी असावं तितकं नीट. जी खोली शुभाताईंची व्हायची होती तिच्यात आता यज्ञेशचं ऑफिसचं मोठं टेबल लागलं होतं. पडदे मात्र लागले होते, त्यांनीच पसंत केलेले. त्या पडद्यांकडे बघून त्यांना बसवेना. यज्ञेश खाली दही आणायला गेला, तेव्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन नेत्राच्या शेजारी उभ्या राहिल्या.

‘मला तुझा संशय आला होता,’ त्या म्हणाल्या. ‘वाटलं, तो डबा तूच सांगितलास विकीला.’

नेत्रा कोथिंबीर निवडत होती. हात थांबले नाहीत.

‘कळलं होतं मला. झोप लागणार नाही म्हणालात तेव्हाच. इथे आलात की दुपारीसुद्धा झोपता तुम्ही.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलणार? मी नाही सांगितलं असं म्हटलं असतं तर मग तुम्ही विचारलं असतंत, कुणी सांगितलं.’ तिने देठं बाजूला सारली. ‘मी यज्ञेशलासुद्धा सांगितलं नाही आई, एवढ्या वर्षांत. आणि तुम्ही एकदा विचारलंसुद्धा नाहीत. सरळ येणं रद्द करून टाकलंत.’

शुभाताईंनी बाजूला सारलेली देठं उचलून केराच्या डब्यात टाकली. नेत्राने त्यांच्याकडे न बघता विचारलं, ‘आता मग कोणाचं वाटतं तुम्हाला ते गाणं?’

विचारताना तिचा हात थांबला होता. तेवढंच शुभाताईंना दिसलं, आणि तेवढं पुरलं.

‘रेवती म्हणते तिच्यावर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या बिल्डिंगमधली प्रत्येक बाई तेच म्हणत असेल. मला काही त्याचा तपास लावायचा नाहीये.’

नेत्राने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. यांना काय कळलंय आणि किती, असा तिचा चेहरा होता. शुभाताईंनी कोथिंबिरीची एक काडी उचलली आणि निवडायला लागल्या. नेत्राने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

यज्ञेश दही घेऊन आला तेव्हा नेत्रा हात पुसत बाहेर गेली आणि त्याला म्हणाली की ते टेबल हॉलमध्ये घ्यायचंय.

‘आत्ता? का?’

नेत्राने शुभाताईंकडे पाहिलं. उत्तर कुणी द्यायचं हे तिने ठरवलेलं दिसत होतं.

‘मी येतेय,’ शुभाताई म्हणाल्या. ‘पण मुलुंडची जागा एवढ्यात भाड्याने देऊ नका.’

यज्ञेश आईकडून बायकोकडे आणि बायकोकडून आईकडे बघत राहिला. या दोघींनी आपल्याविरुद्ध काहीतरी शिजवलंय असा संशय त्याच्या चेहऱ्यावर साफ उमटला. त्याने विचारून पाहिलं, पण काही हाती लागलं नाही. टेबल दारातून निघेना, तेव्हा तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली बसला आणि एकेक पाय सोडवायला लागला. नेत्राने फळी धरली. शुभाताईंनी हात पुढे केला, तशी ती निघालेले स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवत गेली.

‘मुठीत नीट धरा, आई,’ ती म्हणाली. आवाजातला कोरडेपणा अजून पुरता गेला नव्हता. ‘एक हरवला तर सगळं डुगडुगेल.’

शुभाताईंनी मूठ मिटली.